चुकांचा रकाना

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला बेसबॉलचा धावफलक पाहताना एक गोष्ट हमखास खटकते. डावीकडे दोन संघांची नावे, पुढे नऊ डावांचे नऊ चौकोन आणि उजव्या टोकाला तीन अक्षरे: आर, एच, ई. आर म्हणजे धावा, एच म्हणजे यशस्वी फटके, आणि ई म्हणजे एरर, म्हणजे चुका. आपल्याकडे वानखेडेवर सोपा झेल सुटला तर प्रेक्षक नावे ठेवतात, समालोचक हळहळतो, दुसऱ्या दिवशी पेपरात एखादे वाक्य येते. धावपत्रकात मात्र त्या झेलाचा मागमूस नसतो. जीवदान मिळालेल्या फलंदाजाने पुढे शतक ठोकले, तर वहीत शतक तेवढे राहते. बेसबॉलमध्ये चूक तिथल्या तिथे फलकावर चढते, करणाऱ्याच्या नावावर पडते आणि त्याच्या नातवालाही ती काढून बघता येते.

या खेळातून जगण्याचे धडे काढण्याची अमेरिकेत फार हौस आहे. शाळेतले प्रशिक्षक, पदवीदानाचे पाहुणे, विक्री विभागाचे साहेब, सगळे बेसबॉलकडे वळतात आणि त्यांनी वापरून वापरून बरेचसे धडे गुळगुळीत करून टाकले आहेत. मला या खेळाची शिकवण मैदानापेक्षा त्याच्या वहीत जास्त सापडते. काय नोंदवायचे, कुणाच्या नावावर नोंदवायचे आणि काय नोंदवायचे राहूनच गेले, या तीन प्रश्नांवर या खेळाने दीडशे वर्षे डोके खपवले आहे.

ही वही घडवली ती एका क्रिकेट-बातमीदाराने. हेन्री चॅडविक १८२४ साली इंग्लंडमधल्या एक्झेटरला जन्मला, लहानपणी आईवडिलांबरोबर अमेरिकेत आला आणि न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांसाठी क्रिकेटचे सामने लिहू लागला. १८५६ साली होबोकन गावात क्रिकेटचा सामना उरकून परतताना त्याला बेसबॉलचा एक चांगला सामना बघायला मिळाला आणि अमेरिकेचा राष्ट्रीय खेळ व्हायचा तर हाच, असे त्याच्या मनाने घेतले. पुढची पन्नास वर्षे तो या खेळाच्या मागे लागला. क्रिकेटच्या धावपत्रकावरून त्याने बेसबॉलचे कोष्टक बेतले, फलंदाजीची सरासरी रूढ केली, आणि क्रिकेटमध्ये नसलेला चुकांचा हिशेबही मांडला. तो कधी व्यावसायिक बेसबॉल खेळला नाही, तरी कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये १९३८ पासून त्याचे नाव आहे.

चूक कशाला म्हणायचे, हे ठरवायला मैदानावर एक स्वतंत्र माणूस बसलेला असतो, अधिकृत गुणलेखक. सामान्य कुवतीच्या क्षेत्ररक्षकाने साधारण प्रयत्नात हा चेंडू अडवला असता का, एवढाच त्याच्यापुढचा प्रश्न. उत्तर ‘हो’ असेल तर एरर. यात एक न्याय आहे, तो चटकन लक्षात येत नाही. झेप घेऊन, हात लांबवूनही चेंडू निसटला तर ती चूक धरत नाहीत, तो फलंदाजाचा फटका ठरतो. शिवाय क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे निघालेली धाव पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, सरासरीत धरत नाहीत, तिचा हिशेब वेगळा ठेवतात. सामना हरला तरी हार कुणाकुणामुळे झाली याची वाटणी वहीत होते. आपल्या कचेऱ्यांत एखादे काम फसले की संध्याकाळपर्यंत सगळ्यांत कनिष्ठ माणसाच्या डोक्यावर खापर फुटते. तिथे असा एक गुणलेखक असता तर, असा विचार माझ्या मनात येऊन गेला आहे.

आता त्या प्रसिद्ध ‘दहापैकी तीन’विषयी. पिचरने फेकलेला चेंडू मारून फलंदाज किमान पहिल्या बेसवर स्वतःच्या बळावर पोहोचला, तर तो यशस्वी फटका. अशा फटक्यांचे एकूण संधींशी प्रमाण म्हणजे सरासरी. ०.३०० म्हणजे उत्तम, कारकीर्दभर ती टिकली तर थोर. म्हणजे दहापैकी सात वेळा मान खाली घालून बाकावर परतणारा माणूस थोर. भाषणांत सांगतात तो धडा हा: अपयशाला घाबरू नका.

मला हा धडा अर्धवट वाटतो. तोच खेळाडू हातमोजा घालून मैदानात उतरला की त्याच्याकडून काय अपेक्षा असते बघा. वरच्या पातळीवरच्या क्षेत्ररक्षकांची सरासरी ०.९८च्याही पुढे असते, म्हणजे शंभरात दोनही चुका चालत नाहीत. तिथे दहात सात वेळा चुकणारा माणूस संध्याकाळी घरी. तो फलंदाज असताना पिचर त्याला चकवायच्याच खटपटीत असतो, क्षेत्ररक्षक असताना त्याच्याकडे येणारा चेंडू बहुतेक वेळा नेहमीचाच असतो. एकाच माणसाला एकाच दुपारी दोन मापे लागतात, आणि कुठल्या क्षणी कुठले माप लागू आहे हे त्याला ठाऊक असते. पुलाचे गर्डर बसवणाऱ्याला ‘दहापैकी तीन’ची भाषा सांगण्यात काय अर्थ?

तरी फलंदाजाच्या वाट्याला येणारे रोजचे अपयश खोटे नाही, आणि ते रोज येते हे महत्त्वाचे. मेजर लीग या अमेरिकेतल्या अव्वल स्पर्धेत तीस संघ, प्रत्येकाचे एका हंगामात १६२ सामने, सहा महिन्यांत. आठवड्यातून जेमतेम एखादा दिवस मोकळा. २०२४ साली लॉस एंजेलिस डॉजर्स विजेते ठरले, त्यांनी त्या हंगामात साखळीतले ६४ सामने गमावले होते. त्याच वर्षी शिकागो व्हाइट सॉक्सने १२१ पराभवांचा आधुनिक काळातला विक्रम केला, तरी ४१ वेळा तेही जिंकून परतले. इतक्या सामन्यांत आजच्या हारीचे सुतक पाळायला सवड नसते, कारण उद्या संध्याकाळी परत मैदानात उभे राहायचे असते. जिंकल्याचा माजही तेवढाच टिकतो.

सरासरीचे वेड माणसाला कुठे नेते, त्याची १९४१ सालची एक गोष्ट आहे. बॉस्टन रेड सॉक्सचा टेड विल्यम्स तेव्हा तेवीस वर्षांचा. हंगामाच्या शेवटच्या दिवशी, २८ सप्टेंबरला, त्याची सरासरी होती ०.३९९५५. तीन दशांश स्थळांपर्यंत धरली की ०.४००. हा आकडा फलंदाजांना स्वप्नात दिसणारा. त्या दिवशी फिलाडेल्फियात एकापाठोपाठ दोन सामने होते, त्यांना काही महत्त्व उरले नव्हते, आणि व्यवस्थापक जो क्रोनिनने त्याला सांगितले की बसून राहा, आकडा सुरक्षित आहे. विल्यम्स दोन्ही सामने खेळला. आठ संधींत सहा यशस्वी फटके मारले आणि हंगाम ०.४०६वर संपवला. ४५६ संधी, १८५ फटके. म्हणजे त्या अद्भुत वर्षातही २७१ वेळा तो हात हलवत परतला होता.

त्याच्या आकड्यात वहीचा एक अन्यायही दडलेला आहे. तिसऱ्या बेसवर आपला गडी उभा असताना फलंदाज मुद्दाम खोलवर उंच फटका मारतो. स्वतः झेलबाद होतो, पण चेंडू परत येईपर्यंत तो गडी धाव घेऊन मोकळा होतो. याला सॅक्रिफाइस म्हणतात, आणि आज अशी संधी सरासरीत धरतच नाहीत. संघासाठी आपला बळी देणाऱ्याला वहीने दंड करू नये, हा त्यामागचा विचार. १९४१ साली मात्र हा नियम रद्द होता, तो १९५४ साली परत आला. विल्यम्सचे असे सगळे झेल त्याच्या नावावर अपयश म्हणूनच चढले. कुटुंबासाठी नोकरी सोडणाऱ्या बाईच्या अर्जात ‘मधली वर्षे रिकामी का’ असे विचारणारे लोक १९४१च्या नियमाने चालतात, एवढे म्हणून पुढे जातो.

चॅडविकच्या वहीत याहून मोठी खोट होती. पिचरने चार चेंडू लक्ष्याबाहेर फेकले की फलंदाज फुकट पहिल्या बेसवर जातो. चॅडविकच्या मते यात फलंदाजाचे कर्तृत्व काहीच नाही, चूक पिचरची. म्हणून सरासरीत या गोष्टीला जागा मिळाली नाही. वाईट चेंडू ओळखून सोडणे, मोह आवरणे, हीदेखील कला आहे हे पुढची शंभर वर्षे बहुतेकांच्या ध्यानात आले नाही. बिल जेम्स नावाच्या कॅन्सासमधल्या हौशी लेखकाने १९७७ पासून स्वतःच्या खर्चाने आकडेवारीची पुस्तिका काढून हे ठासून सांगायला सुरुवात केली, आणि अखेर ओकलंड अ‍ॅथलेटिक्सच्या बिली बीनने त्यावर संघ उभा केला. २००२ साली त्यांचा पगाराचा खर्च होता सुमारे चार कोटी डॉलर, न्यूयॉर्क यँकीजचा साडेबारा कोटींच्या घरात. बीनने बाजारात स्वस्तात पडलेली, चेंडू सोडण्यात निष्णात माणसे घेतली. त्यातला एक स्कॉट हॅटबर्ग. मूळचा कॅचर, कोपराच्या नसेला इजा होऊन फेक गेलेली. ओकलंडने त्याला पहिल्या बेसवर उभे केले, जिथे तो कधी खेळला नव्हता. ४ सप्टेंबरला सलग विसाव्या विजयाच्या सामन्यात ओकलंडने ११-० अशी आघाडी घेऊन ती सगळी घालवली. ११-११ असताना बदली म्हणून आलेल्या याच हॅटबर्गने होम रन मारून सामना जिंकून दिला. मायकेल लुइसच्या ‘मनीबॉल’ या पुस्तकाने ही गोष्ट जगभर नेली. संघ त्या वर्षी बाद फेरीच्या पहिल्याच मालिकेत हरला, हे सांगताना मात्र लोकांचा आवाज जरा खाली येतो.

इथवर वही शहाणी दिसते. तिचा क्रूरपणा पाहायचा तर बिल बकनरकडे जावे लागते.

१९८६ सालची वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची मालिका, सहावा सामना, २५ ऑक्टोबरची रात्र, न्यूयॉर्कचे शे स्टेडियम. बॉस्टनला १९१८ नंतर विजेतेपद मिळाले नव्हते. मालिकेत ते ३-२ने पुढे, दहाव्या डावात ५-३ने पुढे आणि न्यूयॉर्क मेट्सचे दोन गडी बाद. स्टेडियमच्या फलकावर बॉस्टनचे अभिनंदनही क्षणभर झळकून गेले म्हणतात. पण बेसबॉलमध्ये घड्याळ सामना संपवत नाही, शेवटचा गडी बादच करावा लागतो. वेळकाढूपणा करून आघाडी पोटाशी धरून बसण्याची सोय या खेळात नाही. मेट्सने लागोपाठ तीन साधे फटके मारले, ५-४ झाले. मग पिचर बॉब स्टॅन्लीचा एक चेंडू कॅचरच्या हाती न लागता गेला आणि ५-५ झाले. त्यानंतर मूकी विल्सनने पहिल्या बेसच्या दिशेने एक मरतुकडा, सरपटता चेंडू मारला. तिथे बकनर होता. छत्तीस वर्षांचा, दोन्ही घोटे दुखावलेले. व्यवस्थापक इतर वेळी अखेरच्या डावांत त्याच्या जागी दुसऱ्याला पाठवत असे, त्या रात्री पाठवले नाही. चेंडू बकनरच्या पायांमधून गेला आणि मेट्सने सामना जिंकला.

त्याच्या नावापुढे एक एरर चढली. गुणलेखकाच्या दृष्टीने यात वाद नव्हताच. पण वही आणखीही काही सांगत होती, आणि ती कुणी वाचली नाही. आघाडी बकनरच्या आधीच गेली होती. बरोबरी झाली तेव्हा चेंडू त्याच्याकडे आलाही नव्हता. शिवाय सातवा सामना शिल्लक होता, त्यात बॉस्टनने ३-० अशी आघाडी घेतली आणि ८-५ने सामना घालवला. बकनरने कारकीर्दीत २,७१५ यशस्वी फटके मारले, १९८० साली नॅशनल लीगमधला सर्वोत्तम सरासरीचा मान मिळवला. लोकांच्या लक्षात मात्र ती सात-आठ सेकंदांची चित्रफीत राहिली. त्याला धमक्या आल्या, पुढच्या हंगामात संघाने मोकळे केले, निवृत्तीनंतर तो बॉस्टन सोडून दूर आयडाहोत राहायला गेला. गंमत अशी की ज्याच्या फटक्यावर हे घडले तो मूकी विल्सन आणि बकनर पुढे मित्र झाले, दोघे शेजारी बसून त्या क्षणाच्या छायाचित्रांवर सह्या करत. २००८च्या एप्रिलमध्ये, १९८६ नंतर बॉस्टन दुसऱ्यांदा विजेते ठरल्यावर, संघाने त्याला फेनवे पार्कवर घरच्या पहिल्या सामन्याआधी मानाचा चेंडू टाकायला बोलावले. तो एकटा मैदानावरून चालत आला, सगळे स्टेडियम उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि तो डोळे पुसत होता. नंतर तो म्हणाला की क्षमा करायची पाळी त्याच्यावर होती, आणि ती बॉस्टनच्या प्रेक्षकांपेक्षा पत्रकारांना करायची होती. मला हे फार रास्त वाटते. क्षमा चूक करणाऱ्याने मागायची असे आपण गृहीत धरतो.

वहीत पंचांच्या चुकांना रकाना नाही. ही उणीव २ जून २०१० रोजी डेट्रॉइटला उघडी पडली. डेट्रॉइट टायगर्सचा पिचर आर्मांडो गालारागा, व्हेनेझुएलाचा, काही आठवड्यांपूर्वी दुय्यम लीगमधून परत बोलावलेला, क्लीव्हलंडविरुद्ध परफेक्ट गेम टाकत होता. म्हणजे सत्तावीस फलंदाज यायचे आणि सत्तावीसच्या सत्तावीस पहिल्या बेसला न शिवता परतायचे. तोवरच्या सव्वाशेहून अधिक वर्षांत हे वीस वेळा घडले होते. सव्वीस गडी झाले. सत्ताविसावा जेसन डोनाल्ड. त्याने मारलेला चेंडू मिगेल काब्रेराने अडवून पहिल्या बेसवर धावत आलेल्या गालारागाकडे फेकला. चेंडू पोहोचला, पाय बेसवर होता, डोनाल्ड पाऊलभर मागे होता. पंच जिम जॉइसने हात पसरले: सेफ.

तेव्हा अशा निर्णयासाठी दाद मागायची सोय नव्हती. गालारागा हसला. उपरोधाने किंवा रागाने हसला असे चित्रफितीत दिसत नाही. ‘असं कसं झालं’ अशा चेहऱ्याने तो हसला, परत आपल्या जागेवर गेला आणि पुढच्या फलंदाजाला बाद करून सामना ३-०ने संपवला. जॉइसने आत जाऊन चित्रण पाहिले. जॉइस कुणी ऐरागैरा नव्हता, खेळाडूंच्या एका मतचाचणीत त्याच वर्षी सर्वोत्तम पंच ठरलेला माणूस. त्याने पत्रकारांना सरळ सांगितले की निर्णय चुकला, या पोराचा परफेक्ट गेम माझ्यामुळे गेला. मग गालारागाला भेटून, गळ्यात पडून, रडत क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी दुपारी जॉइसचीच पाळी होम प्लेटमागे उभे राहण्याची. हवे तर सुट्टी घे असे त्याला सांगितले होते, तो आला. सामन्याआधी खेळाडूंची यादी पंचांकडे द्यायचे काम एरवी व्यवस्थापकाचे. डेट्रॉइटच्या जिम लेलँडने त्या दिवशी गालारागाला पाठवले. डेट्रॉइटच्या प्रेक्षकांनी, ज्यांच्या डोळ्यांदेखत हे झाले होते, टाळ्या वाजवल्या.

लीगचे आयुक्त बड सेलिग यांनी निर्णय फिरवला नाही. अधिकृत कोष्टकात आजही डोनाल्डच्या नावावर एक यशस्वी फटका आहे, कारण दुसरीकडे कुठे ती नोंद करायला जागाच नाही. २०१४ पासून असे निर्णय चित्रणावरून तपासून फिरवता येतात. पण मला या प्रसंगात नियमबदलापेक्षा एक साधी कृती महत्त्वाची वाटते. ज्याच्या चुकीला रकाना नव्हता, त्याने ती स्वतः उच्चारली, त्याच रात्री, कॅमेऱ्यांपुढे, ‘पण’ न लावता. बकनरच्या नावावर वहीने चूक लिहिली आणि जगाने ती दहापट केली. जॉइसच्या नावावर वहीने काहीच लिहिले नाही, त्याने लिहून घेतले, आणि जग आश्चर्यकारक लवकर शांत झाले.

राहता राहिली ती पाने, जी वहीत नव्हतीच. जॅकी रॉबिन्सन १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला आणि मेजर लीगमधली काळ्या खेळाडूंवरची बंदी मोडली. त्या पहिल्या दिवशीचे त्याचे आकडे: तीन संधी, शून्य फटके. सातव्या डावात तो पहिल्या बेसवर पोहोचला तो प्रतिस्पर्ध्याच्या एररवर, आणि पुढे संघाला आघाडी देणारी धाव त्यानेच काढली. कोष्टकापुरते बोलायचे तर दिवस वायाच गेला होता.

रॉबिन्सनच्या आधीच्या काळ्या खेळाडूंच्या पिढ्या वेगळ्या नीग्रो लीग्जमध्ये खेळत. जॉश गिब्सन हा त्यांतला सर्वांत दांडगा फलंदाज. रॉबिन्सन उतरण्याच्या तीन महिने आधी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी तो वारला. मेजर लीगच्या लेखी तो कधी खेळलाच नव्हता. १९६६ साली टेड विल्यम्स हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाला तेव्हा त्याने आपल्या छोट्याशा भाषणात एक अनपेक्षित मागणी केली: सॅचेल पेज आणि जॉश गिब्सन या नीग्रो लीग्जमधल्या खेळाडूंची नावेही इथे लागावीत, त्यांना संधीच दिली गेली नाही म्हणून ती लागलेली नाहीत. पेजला १९७१ साली जागा मिळाली, गिब्सनला १९७२ साली. आकडे मात्र वेगळ्याच वहीत पडून होते. ते मेजर लीगच्या वहीत चढायला २०२४ साल उजाडले.

गिब्सनची कारकिर्दीची सरासरी तेव्हा ०.३७२ ठरली, ती तोवर पहिल्या असलेल्या टाय कॉबच्या वर गेली आणि यादीत पहिली झाली. एका हंगामातली सर्वोच्च सरासरीही आता त्याचीच, १९४३ सालची, ०.४६६. नीग्रो लीग्जचे हंगाम छोटे असत, त्यामुळे ही तुलना कितपत रास्त आहे यावर वाद आहेत आणि ते चालू राहतील. जुन्या वर्तमानपत्रांतून हरवलेली धावपत्रके शोधणारे लोक अजून कामाला आहेत, एखादे सापडले की आकडे पुन्हा हलतात. चारशेची रेषा ओलांडणारा शेवटचा माणूस म्हणून विल्यम्सचे नाव त्र्याऐंशी वर्षे घेतले जात होते. आता तसे लिहिता येत नाही, कारण १९४१ नंतर १९४३ येते.